चिमण्यांनी घेतलेली झडती

“हाकला! आधी त्या चिमण्या हाकला! अहो, बघत काय उभ्या राहिलात, हाकला!”

साहेब माझ्या दारात ओरडत होते. एका हातात प्रवासाची बॅग, दुसऱ्या हातात छत्री. ती छत्री ते चिमण्यांवर अशी चालवत होते की माझ्या छपरीच्या छतावरचे मातीचे कवेलू आता गळ्यात येतात असं मला वाटलं. मूल गावच्या राईस मिलचा भोंगा मी ऐकलेला आहे. त्या दिवशीच्या आवाजापुढे तो भोंगा म्हणजे तापानं फणफणलेल्या माणसाचं कण्हणं. जंगल आमच्या गावापासून दोन कोसांवर, पण तिथला वाघसुद्धा त्या आवाजानं नाल्याच्या पलीकडे निघून गेला, असं गुराखी नंतर सांगत होते. गुराखी खोटं बोलत नाहीत. बोलले तर मी त्यात भर घालत नाही.

चिमण्या उडाल्या. साहेबांनी बॅग टाकली, छत्री टाकली आणि माझ्या दाराच्या चौकटीला टांगलेली धानाच्या लोंब्यांची झालर दोन्ही हातांनी अशी धरली, जशी विहिरीतून वर काढलेलं लेकरू आई धरते. मग ते चक्क गुडघ्यांवर बसले. इस्त्रीची पँट, वर पांढरा बुशकोट, आणि हा माणूस माझ्या सारवलेल्या अंगणातून एकेक दाणा वेचून रुमालात टाकायला लागला.

“साहेब, पाणी देऊ का जी?” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? नागपूरहून एसटीनं आलेला माणूस, उन्हानं डोक्यावर परिणाम झाला असेल, असं मला खरंच वाटलं.

“पाणी?” ते उठले. “कुठून आणल्या ह्या लोंब्या? ही चोरी आहे, चोरी! चौकीदाराच्याच दारावर फार्मचा माल टांगलेला!”

चौकीदार म्हणजे माझा नवरा. तो घरामागे बैलाला पाणी दाखवत होता, तो ओल्या हातांनीच पुढे आला. तोपर्यंत अर्धा मोहल्ला अंगणाच्या कडेला उभा झाला होता, आणि उरलेला अर्धा चप्पल शोधत होता.

“चौकीदार,” साहेब म्हणाले, “उद्यापासून फार्मवर पाऊल ठेवायचं नाही.”

हे सगळं घडलं तेव्हा गावात पहिला टीव्ही यायला अजून एक उन्हाळा बाकी होता. करमणूक म्हणून लोकांना आम्हीच होतो.

आता मी कोण, साहेब कोण आणि ती झालर काय, हे सांगते. आमच्या गावाला लागून धानाचा सरकारी फार्म होता. तारेचं कुंपण, लोखंडी गेट, आत साहेबांचं क्वार्टर आणि त्यापुढे नजर जाईल तिथपर्यंत बांध्या, म्हणजे बांध घातलेली धानाची शेतं. तिथे धानाच्या नव्या नव्या जाती लावून बघायचे. माझा नवरा तिथे चौकीदार होता, पण कच्चा. ‘पुढच्या सालात पक्का करू’ हे शब्द त्याच्या कानात इतकी वर्षं पडत होते की कानात त्यांचंच पीक उभं राहिलं असतं. गेटसमोर रस्ता, रस्त्यापलीकडे आमचा मोहल्ला, आणि मोहल्ल्यात पहिलंच घर आमचं. त्या घराच्या छपरीत मी बालवाडी चालवायची.

बालवाडी म्हणजे सरकारनं दिलेली एक घंटा आणि माझा घसा. खेळणी नाहीत, चित्रं नाहीत. साहित्य सगळं ऋतूनं पुरवायचं. उन्हाळ्यात पळसाच्या पानांच्या टोप्या, पावसाळ्यात मातीचे बैल, आणि कार्तिकात हलका, लवकर पिकणारा धान निघाला की लोंब्यांची झालर. नवा धान घरात भरायच्या आधी त्यातल्या चांगल्या लोंब्यांची झालर दाराला टांगायची, पाखरांसाठी. आमच्या भागात ही जुनी रीत आहे, तिला जात नाही, धर्म नाही. मोहल्ल्यातल्या बुद्धविहाराच्या दाराला झालर असायची, पाटलाच्या दाराला असायची, पलीकडच्या टोल्यावर, त्या लहान वस्तीत, गोंडांच्या घरांना तर अशी असायची की चिमण्या तिथेच बिऱ्हाड करायच्या.

लहान लेकरांना हाताशी धरून करायला याच्यासारखं काम नाही. लोंब्या सकाळी दव असतानाच कापायच्या, कारण ऊन चढलं की काडी कडक होते आणि वळवायला गेलं की कटकन मोडते. काडी हातभर लांब ठेवायची. कापल्या की ओल्या फडक्यात गुंडाळून सावलीत ठेवायच्या. मग लांब एकीकडे, आखूड एकीकडे, हे निवडायचं काम लहानांचं. तीन काड्यांची वेणी घालायला घ्यायची आणि दर पेडाला एक नवी लोंबी आत घालायची, म्हणजे वेणी लांब होत जाते आणि लोंब्या एका अंगाला लोंबत राहतात. चार वर्षांच्या बोटांना वेणी जमत नाही. त्याला टोक धरायला द्यायचं आणि सांगायचं की सगळी झालर तुझ्यावर आहे रे बाबा. तो असा ताठ बसतो, जसा काही धरणाचा दरवाजा धरून आहे. आणि दुसऱ्या हातानं दाणे सोलून खातो. शेवटी वेणीची दोन टोकं तणसाच्या, धानाच्या वाळल्या काडाच्या, दोरीनं बांधायची. बस. कात्री नको, गोंद नको, दुकान नको.

माझा नियम एवढाच होता की ज्यानं त्यानं लोंब्या आपापल्या बांधीतून आणायच्या. ज्याची बांधी नाही त्याला मी द्यायची.

साहेबांची दोन लेकरं गेटच्या सळयांना धरून हे सगळं रोज पाहायची. मुलगी सहा वर्षांची, मुलगा चारचा. पायांत बूट, केसांना तेल, अंगावर एक डाग नाही. तुरुंगातल्या कैद्यांना यांच्यापेक्षा जास्त हवा मिळत असेल. साहेब पुण्याकडचे. आमची भाषा लेकरांच्या तोंडी बसेल म्हणून ते त्यांना बाहेर सोडत नव्हते, असं त्यांच्याकडे भांडी घासणारी सांगायची. ते स्वतः दिवसभर बांधीत. दिवाळीतसुद्धा. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सगळीकडे दिवे लागले तेव्हा हा माणूस कंदील घेऊन धानातल्या रोपांची तोंडं पाहत फिरत होता. माझ्या नवऱ्यानं स्वतः पाहिलं. आणि माझा नवरा वर्षाला जेवढं बोलतो तेवढं मी दात घासताना बोलते, म्हणून तो बोलला की मी विश्वास ठेवते.

दिवाळी झाली आणि साहेब मीटिंगला नागपूरला गेले. त्याच दिवशी बाईसाहेब, म्हणजे त्यांची बायको, दोन्ही लेकरांना घेऊन रस्ता ओलांडून माझ्या छपरीत आली.

“ताई, यांनाही बसवता का तुमच्यात? घरात नुसती भिंतीला डोकं आपटतायत.”

“बसवतो की जी. पण लोंब्या आपल्या आपल्या आणाच्या.”

ती गेली आणि थोड्या वेळात एक मोठी जुडी घेऊन आली. मी तशा लोंब्या त्याआधी पाहिल्या नव्हत्या. तांबूस साल, दाणा भरलेला, आणि प्रत्येक दाण्याला लांब कुसळ, जशी म्हाताऱ्या बकऱ्याची दाढी. जुडीतल्या जुडीत वेगवेगळ्या रंगांच्या दोऱ्यांनी बांधलेले लहान लहान झुबके होते. फार्मच्या गोदामात उंदीर झाले म्हणून साहेबांनी त्या घरी आणून आपल्या खोलीत टांगल्या होत्या, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी एवढंच विचारलं.

“बाईसाहेब, या साहेबांच्या तर नाईत ना जी?”

“सगळं घरच साहेबांचं आहे,” ती म्हणाली. “घ्या तुम्ही.”

आता मला सांगा, घरची मालकीण आपल्या हातानं आणून देते आणि घ्या म्हणते, त्यावर मी काय पंचायत बसवायला पाहिजे होती?

आम्ही घेतल्या. दोऱ्या सोडल्या, लेकरांनी त्या मनगटांना बांधल्या. दोन झालरी झाल्या. एक माझ्या बालवाडीच्या दाराला, आणि एक साहेबांच्या लेकरांनी स्वतःच्या हातांनी केलेली, वेडीवाकडी, एका जागी गाठ पडलेली, ती ते घरी घेऊन गेले. मुलगा रस्ता ओलांडताना झालर दोन्ही हातांत अशी धरून चालला होता की मागून बैलबंडी आली तर ती थांबली. बंडीवाल्यानं एक शब्द काढला नाही. सहसा तो माणसालाच काय, म्हशीलाही शिवी दिल्याशिवाय पुढे जात नाही.

तर त्या माझ्या दारावरच्या झालरीपुढे उभं राहून साहेब मला चोर म्हणत होते. एसटीतून उतरले, घराकडे निघाले आणि वाटेत त्यांना आपल्या दाढीवाल्या लोंब्या दिसल्या, ओळखल्या. ओळखणारच. ज्या साली बोडीच्या तळ्याचं पाणी आटलं आणि सगळा धान करपला, त्या साली एका बांधीत एक रोप हिरवं उभं राहिलं होतं. त्या रोपाच्या पोटची ही लेकरं. तेव्हापासून दर साली निवडून निवडून साहेबांनी ती वाढवली होती. हेही मला नंतर कळलं. लोकांना सगळं मला नंतर सांगायचं असतं.

मी म्हटलं, “साहेब, तुमच्याच घरून आल्या या. बाईसाहेबांनी स्वतः आणून देल्या.”

“माझी बायको? अशक्य.”

“चला मग, इचारू.”

निघालो. पुढे साहेब, काखेत उतरवलेली झालर, रुमालात दाणे. मागे मी. माझ्या मागे नवरा, आणि त्याच्यामागे मोहल्ला, पाटलाचा गडी, एसटीतून उतरलेले दोन पाहुणे, ज्यांचं कुणाशी काही नातं नव्हतं, आणि एक बकरी. लग्नाची वरात इतकी मोठी निघाली नव्हती माझी.

क्वार्टरचं दार आलापल्लीच्या सागवानाचं, हे जाड. बाईसाहेब दारात आल्या. हात कणकेनं भरलेले.

“तू यांना माझ्या लोंब्या दिल्यास?” साहेबांनी विचारलं. आवाज खाली आला होता. तो खाली आलेला आवाज मला वरच्यापेक्षा वाईट वाटला.

तिनं साहेबांकडे पाहिलं, मग आमच्या वरातीकडे. माझ्याकडे पाहिलं नाही.

“मी? नाही.”

बाप्पा! माझ्या पायाखालची जमीन गेली नाही, उलट मीच एक हात वर उचलले गेले. “काय म्हणून राह्यल्या जी तुमी? काल छपरीत बसून माझ्यासोबत चहा पेल्या ना? तुमच्या लेकरांनी झालर बनवली ना? असेल ना ती घरात? साहेब, आत जा आन् पाहा ना तुमीच! नाई तर लेकरांले बलवा, थे सांगतीन.”

“मुलांना यात आणायचं नाही,” बाईसाहेब म्हणाल्या.

“आणि माझ्या घराची झडती?” साहेब म्हणाले. “चौकीदाराच्या बायकोच्या सांगण्यावरून?”

“माझ्या घराची झाली थे काय होती मग? आरती?”

मागे कुणीतरी हसलं. साहेबांनी दार लावून घेतलं.

आजही हे लिहिताना पेनानं कागद फाटतो. म्हातारपणानं नाही, रागानं. चोर हा शब्द साहेबांना हलका वाटला असेल. आमच्या मोहल्ल्याला तो शब्द नवा नव्हता. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर लोकांच्या खळ्यांवर काम केलं आणि दर संध्याकाळी घरी जाताना धोतराचा सोगा झटकून दाखवला, कुणी म्हणायच्या आधीच. त्यांचा मुलगा सरकारी चौकीदार झाला तेव्हा ते म्हणाले होते, आता आपण दुसऱ्याचा सोगा पाहायचा. आणि त्या मुलाला, ज्यानं फार्मच्या बांधातली काडी कधी दात कोरायला घेतली नाही, त्याला अख्ख्या गावापुढे चोर म्हणून घरी पाठवलं. कशावरून? तर लेकरांनी चिमण्यांसाठी केलेल्या झालरीवरून.

“तुमी बोलत काऊन नाई?” मी नवऱ्याला म्हटलं.

“काय बोलू?”

“मी केलं नाई म्हणा. मोठ्यानं म्हणा. गेटवर जाऊन म्हणा.”

“तू म्हटलं ना,” तो म्हणाला. “थे चंद्रपुरापर्यंत गेलं असंल.”

दुसऱ्या दिवशी त्यानं चौकीदाराची शिट्टी खुंटीला अडकवली, विळा घेतला आणि पाटलाच्या बांधीत कापणीला गेला. गडबड नाही, तक्रार नाही. मी मात्र अंगणात अशा येरझाऱ्या घालत होते की सारवण उखडलं.

आणि मग खरा तमाशा झाला. दुपारपर्यंत गावात बातमी फिरली की साहेब दारोदार झालरी तपासणार आहेत आणि तांबडी लोंबी सापडली की पोलीस आणणार आहेत. कुणी उठवली देव जाणे. संध्याकाळी पाहते तर मोहल्ल्यातली झालर गेली. पाटलाची गेली. विहाराची गेली. टोल्यावरच्या गोंडांच्या घरांवरची गेली. ज्यांच्या झालरीत त्यांच्याच बांधीतला पांढरा धान होता, त्यांनीही काढली. एक म्हातारी झालर पदराखाली लपवून नेताना मला दिसली.

“काय वो आजी, तुमी काऊन काढली? तुमचा तर तुमच्याच बांधीतला धान.”

“माझा आहे हे त्याले कोण सांगंन माय? तू सांगशीन? तुले सोताचं तं सांगता नाई आलं.”

म्हातारीचं खरं होतं. म्हणून मी जास्तच भडकले. माझ्या आठवणीत, माझ्या आईच्या आठवणीत, गावातली सगळी दारं कार्तिकात अशी उघडीबोडकी कधी दिसली नव्हती. बरं, बालवाडीतही तीन आया आपली लेकरं पाठवायला कचरल्या. एक तर तोंडावर म्हणाली, “बाई, आमच्या पोट्ट्याच्या मनगटाले थो रंगीत दोरा होता, मी चुलीत टाकला. तुमीही टाका.” म्हणजे चार वर्षांचं लेकरूही चोरीत भागीदार!

मी काय केलं? दुसऱ्या दिवशी बालवाडी उचलली आणि फार्मच्या गेटसमोर मोहाच्या झाडाखाली नेऊन मांडली. घंटा मोहाच्या फांदीला टांगली. गेट साहेबांचं, फार्म सरकारचा, पण मोहाचं झाड आमच्या बापजाद्यांचं. लेकरांना पांढऱ्या धानाच्या लोंब्या दिल्या आणि त्यांना झालर शिकवायला बसले. अशा आवाजात, की आत ऑफिसात बसलेल्या माणसालाही वेणी घालता आली असती.

“लोंबी कोणाची?” मी विचारायचं.

“आमची!” लेकरं ओरडायची.

“झालर कोणासाठी?”

“चिमण्यांसाठी!”

“आन् चोर कोण?”

यावर लेकरांची मतं वेगवेगळी होती. एक म्हणायचा मांजर, एक म्हणायचा त्याचा मोठा भाऊ. साहेब सकाळी उजाडायच्या आधी बांधीत जायचे, दिवेलागणीनंतर परत यायचे, येता-जाता मान खाली घालून. पण ऐकत होते. कान काही मान खाली घालत नाहीत.

आता चिमण्यांचा विचार करा. त्यांना पोलिसांची भीती नाही. त्या बिचाऱ्या दरवर्षीच्या सवयीनं दारोदार आल्या आणि एकाही दाराला दाणा नाही. मोहल्ला पालथा घातला, टोला पालथा घातला, विहारावर बसून बैठक घेतली. आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना कळलं की गावात एक झालर अजून टांगलेली आहे.

मी मोहाखाली बसले होते. आधी एक थवा डोक्यावरून गेला. मग दुसरा. मग असा थवा आला की सूर्य झाकला आणि कोंबड्या संध्याकाळ समजून खुराड्यात शिरल्या. पाच तालुक्यांतल्या चिमण्या असतील. सगळ्या फार्मचं कुंपण ओलांडून साहेबांच्या क्वार्टरमागे उतरल्या. आणि तिथे जो किलबिलाट सुरू झाला, तो म्हणजे आठवडी बाजार, शाळेची सुट्टी आणि नळावरचं भांडण, सगळं एकत्र. बांधीतले मजूर विळे थांबवून पाहायला लागले. साहेब दूरच्या बांधीत होते. चिमण्या कुठे उतरतात हे पाहणं हेच त्यांचं आयुष्य, ते धावत निघाले. चिखलानं भरलेले पाय, डोक्यावरची टोपी उडालेली, मागे मजूर, मी गेटमधून, माझ्यामागे बालवाडी.

क्वार्टरच्या मागच्या खिडकीच्या गजाला ती झालर लटकत होती. वेडीवाकडी, मधे गाठ पडलेली, तांबड्या लोंब्यांची, दाढीवाली. ज्या माणसानं माझ्या दारावरची झालर एसटीच्या रस्त्यावरून ओळखली, त्याला स्वतःच्या घराच्या पाठीमागची दिसली नव्हती. कारण तो आपल्या घराच्या पाठीमागे कधी गेलाच नव्हता. झडती चिमण्यांनी घेतली, आणि त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

खिडकीत आतून दोन्ही लेकरं उभी होती, खूश. “बाबा, आमच्याकडे सगळ्या चिमण्या आल्या!”

साहेबांनी हात वर केला. मला वाटलं, आता हाकलणार. हात तसाच राहिला. मग तो खाली आला.

बाईसाहेब मागच्या दारातून बाहेर आल्या. एवढी माणसं पाहून त्यांनी पदर सारखा केला. मी त्यांना सोडणार नव्हतेच, तोंड उघडलंही होतं, पण त्याच आधी बोलल्या.

“मीच दिल्या. तुमच्या आहेत हे माहीत असून दिल्या.”

“माहीत असून?” साहेब म्हणाले.

“मुलांना काहीतरी करायला हवं होतं.”

एवढंच. का नाही म्हटलं, तीन दिवस का गप्प राहिली, झालर काढून चुलीत घातली असती तर कुणाला कळलं नसतं, ती का काढली नाही, हे तिनं सांगितलं नाही आणि मीही तिला कधी विचारलं नाही. माझा तिच्यावर राग होता. आहे. पण त्या क्षणी साहेबांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं त्या करपलेल्या सालातल्या हिरव्या रोपाकडे पाहिलं असेल, आणि मला वाटलं, हिची काहीतरी वेगळीच भानगड होती आणि आम्ही फुकट मध्ये सापडलो. याचाही राग आला. यांच्या घरची भानगड, आणि चोर आम्ही!

साहेबांनी झालर उतरवली, उरलेले दाणे मोजले नाहीत, नुसते ओंजळीत धरले. पुढल्या सालच्या पेरणीला पुरतील एवढे असावेत. मग मला म्हणाले, “ताई, चुकलं. चौकीदाराला सांगा, उद्यापासून कामावर यायला.”

“मी नाई सांगत,” मी म्हटलं. “मले कोणी चोर म्हटलं नाई मागच्या खिडकीत. माझ्या दारात म्हटलं. माझ्या दारात या आन् सांगा. तेवढेच लोक पाहिजे. आन् तोच आवाज पाहिजे, जी.”

मजुरांनी माना फिरवल्या. हसत होते की घाबरले होते, कळलं नाही.

साहेब आले. त्याच संध्याकाळी आले. लोकही आले, तेवढेच नाही, दुप्पट, कारण पहिला प्रयोग ज्यांचा हुकला होता त्यांना दुसरा सोडायचा नव्हता. काही पाहुणे तर मुद्दाम मुक्काम वाढवून राहिले होते. ते दोन एसटीवालेही त्यांत होते.

साहेब अंगणात उभे राहिले. माझा नवरा ओसरीच्या पायरीवर बसून विळ्याला धार लावत होता. कापणीचा हात, मनगटापर्यंत धानाच्या पात्यांनी ओरखडलेला.

“चौकीदार,” साहेब म्हणाले, “माझी चूक झाली. तुम्ही चोरी केली नाही.”

“ऐकू नाई आलं,” मी म्हटलं. “त्या दिवशी तं वाघ पळाला होता.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग श्वास घेतला आणि खरंच मोठ्यानं, मोहल्ल्याच्या शेवटच्या घरापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले, “या घरातल्या माणसांनी चोरी केली नाही! मी चुकीचं बोललो!”

कुणी टाळी वाजवली नाही. एक बकरी ओरडली. पलीकडच्या म्हातारीनं पदराखालून झालर काढली आणि तिथल्या तिथे आपल्या चौकटीला अडकवली. मी आत जाऊन शिट्टी आणली, फडक्यानं पुसली आणि नवऱ्यापुढे धरली. माझा ऊर असा भरून आला होता की पोलक्याची बटणं तुटतात की काय.

“तर मग उद्या सकाळी या कामावर,” साहेब म्हणाले. “पक्कं करायचंही मी स्वतः बघतो.”

नवऱ्यानं विळ्याच्या धारेवरून अंगठा फिरवला.

“उद्या नाई जमत, जी,” तो म्हणाला. “पाटलाचा धान कापाचा राह्यला आहे.”